नळाची सफाई आणि नासलेला चहा

आता हसायचं तर हसा, पण घरच्या अब्रूवर मी माझ्याच हातानं पाणी कसं सोडलं, ते ऐकाच.

राजापेठेतल्या आमच्या घराच्या नळांना क्षार धरला होता. स्वयंपाकघरातली धार तर करंगळीएवढी. त्या दिवशी आमच्या लेकीला, स्वातीला, पाहायला अकोल्याहून मंडळी येणार होती. म्हटलं, प्लंबर कशाला? सकाळीच छतावरच्या टाकीत लिंबूसत्त्वाची पाकिटं ओतली, ते पाणी सगळ्या नळांत उतरवलं आणि तासभर मुरू दिलं. मग टाकी धुतली, ताजं पाणी भरलं, न्हाणीघरातले नळ वाहू दिले. स्वयंपाकघरात गेलो, तर बायको चिवडा करत होती. तिनं पहाटेच गुंडभर, म्हणजे हंडाभर, पाणी भरून ठेवलं होतं. म्हणाली, मधात येऊ नका. मी निघालो आणि तो नळ वाहू द्यायचा विसरलो.

दुपारी मंडळी आली. गुंडातलं पाणी सरलं, चहाला नळाचं घेतलं. दूध घातलं आणि चहा फाटला!

आमचे दूधवाले रशीदभाई, बारा वर्षांचा रतीब. मी पाहुण्यांसमोरच फोन लावून त्यांना नको ते बोललो. ते बिचारे ताजं दूध घेऊन गाडीवर आले. दुसरा चहा टाकला, तोही फाटला. मग तर मी त्यांच्या तोंडावर म्हणालो, दुधात काही टाकत असाल. स्वाती दारात उभी, मान खाली.

रशीदभाई सरळ स्वयंपाकघरात गेले. नळाखाली ओंजळ धरली, घोट घेतला.

"सर, आमी दुधात पानी टाकतो म्हणून लोकं बोलतात," ते शांतपणे म्हणाले. "पण पान्यानं दूध नासलं, हे मी पहिल्यांदा पाहून राहिलो."

मीही चाखलं. आंबट ढाण!

मग काय, सगळं कबूल केलं, रशीदभाईंचे हात धरून माफी मागितली. त्यांनीच नळ सोडून पाणी गोडं होईस्तोवर वाहू दिलं. धार मात्र आता मनगटाएवढी. तिसरा चहा जमला. मी त्यांना पाहुण्यांसोबत बसवलं, स्वातीनं पहिला कप त्यांनाच दिला. मंडळी हसली, जरा मोकळी झाली.

तेवढ्यात मुलाच्या मामांनी मला सहज विचारलं, "तुमचा शिकवणीचा क्लास आहे म्हणे. कोनता विषय शिकवता?"

काय सांगणार? खाली पाहत म्हणालो, "केमिस्ट्री."