बायोडेटात न लिहिलेलं

बँकेने नव्या घरासाठीचं मॉर्गेज, म्हणजे गृहकर्ज, नाकारलं तेव्हा कॅनडातल्या किचनर शहरात, माझ्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी चक्क रडले. माझ्या नावाने कुणीतरी क्रेडिट कार्डं काढली, महागडे फोन उचलले आणि पसार झालं. माझं क्रेडिट, म्हणजे कर्ज मिळवायची पत, पार मातीत गेलं. मला ते घर, रांगेतलं एक टाउनहाउस, एकाच गोष्टीसाठी हवं होतं: खाली, जिना न चढता जाता येईल अशी एक बेडरूम होती. आईसाठी. बाबा गेल्यापासून ती तासाभराहून लांब, रिचमंड हिलच्या घरात एकटी राहते आणि गुडघ्यावर हात टेकत झोपायला वर चढते.

चोराला माझी एवढी माहिती मिळाली कुठून? फार शोधावं लागलं नाही.

"अगं, तुझा बायोडेटा मी विवाहाच्या ग्रुपवर टाकला होता," आई म्हणाली. "सगळ्याच टाकतात."

मी तो उघडला आणि कपाळावर हात मारला. जन्मतारीख, जन्मवेळ, पत्ता, फोन, नोकरी, आणि खाली ठळक अक्षरांत मामेकुळ. बँक ओळख पटवायला काय विचारते? आईचं माहेरचं आडनाव! आमच्या मातोश्रींनी चोराच्या हातात किल्ली दिली, वर पत्रिकाही जुळवून दिली.

मी तडकले. नंतर ती अनोळखी फोन उचलेनाशी झाली. "मी तुझं घर घालवलं गं," हे एकच पालुपद.

मग पोलिसात तक्रार, पतीची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोला फोन, एकेका कार्डवाल्याला 'अहो, ती मी नव्हे' हे पटवणं. होल्डवरचं ते रटाळ संगीत! शुक्रवारी आईकडे गेले की फोन स्पीकरवर टाकून आम्ही दोघी मटार सोलत बसायचो. तोवर ते टाउनहाउस दुसऱ्या कुणी घेतलं. पण अखेर सगळी खोटी खाती माझ्या क्रेडिट रिपोर्टवरून निघाली. अशाच एका शुक्रवारी बँकेतली बाई फोनवर म्हणाली, नवा गुप्त प्रश्न तुम्हीच ठरवा, उत्तर कुठेही लिहिलेलं नसेल असा.

फोन म्यूट करून मी आईला विचारलं, "शाळा?"

"लिहिली होती."

"आवडता पदार्थ?"

"तोही. वर 'सुगरण' असंही लिहिलंय."

"आई! मला साधा वरणभात जमत नाही!"

"न जमू दे. बायोडेटात कोण खरं लिहितं?"

"मग न लिहिलेलं काही आहे का?"

मटार सोलणारे तिचे हात थांबले. "दर शुक्रवारी कामावरून थकून एवढी गाडी चालवत येतेस, मी एकटीने जेवू नये म्हणून. ते नाही लिहिलं. लोकांना कळलं असतं, ही पोरगी आईला सोडून राहायची नाही. आलेली स्थळं पळाली असती."

फोनमधली बाई बिचारी हॅलो हॅलो करत होती. मी म्यूट काढलं, प्रश्न ठरवला, उत्तर दिलं. काय ते इथे सांगणार नाही, एकदा पोळलंय.

पुढे मॉर्गेज मिळालं. दुसरं घर, पण खाली बेडरूम असलेलं. आईला आत नेलं. ती खिडकीशी गेली, पलंग कुठे मावेल ते हाताने मोजू लागली.

"आता बायोडेटात लिही," मी म्हटलं. "आई सोबत राहते."

"लिहिते की," ती म्हणाली. "पळायची ती स्थळं पळू देत."