जळालेल्या गिरणीवरून डावीकडे

टॅनर्स फोर्ड गावात पत्ता विचारू नये. सांगणारा तुम्हाला नसलेल्या गावात नेऊन सोडतो. जळालेल्या गिरणीवरून डावीकडे, पेकानचं झाड होतं तिथून सरळ, आणि बुडालेल्या बँकेसमोर थांबा. गिरणी जळाली तेव्हा सांगणाऱ्याचा बाप रांगत असेल. पण व्हर्जिनियाच्या या कोपऱ्यात एखादी गोष्ट पडली, जळाली, वाहून गेली, की मगच ती पत्त्यात पक्की बसते.

ओझेलाबाई पिंकस्टन या विद्येत सगळ्यांच्या पुढे. शाळेच्या स्वयंपाकघरात राबून त्यांनी अर्ध्या गावाला मक्याचा पाव भरवला, आणि निवृत्तीनंतर ओसरीवरच्या झुलत्या खुर्चीतून उरलेल्या अर्ध्याला वाटा दाखवल्या. संध्याकाळी बर्फाचा गोड चहा हातात घेऊन डोळे मिटले की त्यांना ती गिरणी धूर सोडताना दिसे, आणि पेकानखाली थोरली बहीण व्हर्नेल दोरीवरच्या उड्या मारताना.

पडायला तयार नव्हता तो एकच, चौकातला ब्राँझचा कर्नल ट्रेडवेल, घोड्यासकट. यादवी युद्धात गुलामगिरी राहावी म्हणून तो लढला आणि हरला. हरल्यावर पन्नासेक वर्षांनी नातवंडांनी त्याला चौथऱ्यावर चढवलं, ते ओझेलाबाईंसारख्या काळ्या माणसांनी आपली पायरी ओळखावी म्हणून. व्हर्नेल तरुणपणीच गाव सोडून डेट्रॉइटला निघाली, ती बसच्या दारातून सांगून गेली, "हा खाली उतरला की कळव. तोवर या चौकात पाय ठेवणार नाही."

मग बहिणी भेटायच्या त्या ओहायोत, मावसबहिणीकडे. आता दोघींच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि ओहायो चंद्राइतकं लांब गेलं. फोनवर व्हर्नेल म्हणाली, "म्हातारी तर मी झालेच. आता फक्त आपली ओसरी हवी होती गं."

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या सकाळी ओझेलाबाईंनी ठेवणीतली हॅट काढली आणि नगरसभेकडे कर्नलला हलवायची मागणी केली. सभा भरली तेव्हा निम्मे सभासद इकडे, निम्मे तिकडे, आणि मध्ये शेवटचं मत हातात धरून हॉइट लॅसिटर. हा हार्डवेअरचा दुकानदार, मनाने लोण्यासारखा, ओझेलाबाईंच्याच पावावर वाढलेला. त्याचा पणजोबा कर्नलच्या फौजेत होता. घोड्याशी आपलं काही वैर नाही की मैत्री नाही, तो म्हणाला, पण पुतळा गेला तर गाव आपला इतिहास विसरेल.

"हॉइट," ओझेलाबाई म्हणाल्या, "तुझ्या घराची वाट सांग बघू."

"आता इथे?"

"सांग रे."

"जळालेल्या गिरणीवरून डावी—"

सभेत खसखस पिकली. हॉइटचे कान लाल झाले.

"पाहिलीस का ती गिरणी कधी?"

"नाही, ओझेलाबाई."

"मग? आपण विसरतो ते उभं असलेलं. कर्नल कशासाठी लढला, हे तुझ्या पोरांनी तरी कधी विचारलंय? उतरव त्याला, बाळा. मग येणारा-जाणारा विचारेल, इथे कोण होता, का उतरवला. मी ओसरीवरच असते. सगळं सांगेन." त्या खाली बसल्या आणि जरा हळू म्हणाल्या, "आणि माझी बहीण घरी येईल."

मग पणजोबाची मनातल्या मनात माफी मागितल्यासारखा हॉइटने हात वर केला.

कर्नल गेला त्या दिवशी धुकं होतं. क्रेनला लटकलेला घोडा क्षणभर ढगातून पोहत निघाल्यासारखा दिसला, आणि नाही म्हटलं तरी देखणा दिसला. खाली उरला मातीचा एक चौकोन. तरी मोटारी त्याला वळसा घालूनच जात राहिल्या. गावाच्या हातापायांना अजून बातमी पोचली नव्हती.

व्हर्नेल बसमधून उतरली, काठी टेकली, आणि चौक न्याहाळू लागली.

"चौक एवढासाच होता?"

"घोडा मोठा होता ना, ताई."

ओझेलाबाईंनी तिचा दंड धरला आणि त्या सवयीने कडेकडेने चालू लागल्या. व्हर्नेलने हात सोडवून घेतला. काठी ठोकत ती रस्त्यात उतरली आणि सरळ मधोमध निघाली. मोटारी थांबल्या. भोंगा कुणी वाजवला नाही. चौकोनाच्या मधोमध ती दम खायला उभी राहिली, मागे वळली.

"ये की," ती म्हणाली. "वळसा कुणाला घालतेस?"

ओझेलाबाईंनी हॅट सावरली आणि मातीवर पाय ठेवला. माती अजून मऊ होती.