कप्तानाचा मासा

जलाशयावर फेरीबोट चालवणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे कप्तान म्हणत. सुरुवातीला चेष्टेनं म्हणत, पण त्यानं ती चेष्टा इतकी मनावर घेतली की स्वतःसाठी पांढरी टोपीच विकत आणली. बोट म्हणजे काय, चार बाक आणि मागं लावलेली एक मोटर. तरी कप्तान सुकाणूपाशी असा उभा राहायचा, की आता थेट महासागर ओलांडूनच थांबणार. नव्या उतारूला तो बसता बसता ऐकवायचा, की त्याच्या मोटरीचा पंखा आजवर कशालाही लागलेला नाही. बाकीचे नावाडी पंखे वाकवून आणतात, कारण त्यांना तळ माहीत नाही. ह्याला म्हणे तळ पाठ होता.

त्याची बायको पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यात नर्स होती. ती सकाळच्या फेरीला पुढच्या बाकावर बसायची आणि रोज हे पुराण ऐकायची. अशा नवऱ्याबरोबर संसार करायचा तर कानांना थोडी सवय लावावी लागते.

उन्हाळ्यात पाणी उतरलं. धरणात बुडालेल्या बागेतली खोडं वर यायला लागली, तशा बाकीच्या बोटी लांबून वळसा घालून जाऊ लागल्या. कप्तान वळसा कसला घालतोय! तो सरळच जात राहिला आणि एका सकाळी व्हायचं तेच झालं. खालून धाडकन आवाज आला, मोटर उसळली, दोन उतारू तिसऱ्याच्या मांडीवर जाऊन बसले. कप्तानानं टोपी सावरली आणि शांतपणे म्हणाला, "मासा होता."

बायकोनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता.

त्या दिवसापासून बोटीचं तंत्र बिघडलं. हळू चालवली तर शहाण्यासारखी चालायची. जरा वेग वाढवला की मोटर नुसती किंचाळायची आणि बोट जागची हलायची नाही. शिवाय बुडाखाली अशी थरथर, की बोलणाऱ्याचा आवाज कापायचा. दुसऱ्या कोणीही मोटर उचलून आधी पंखा पाहिला असता. पण पंखा पाहायचा म्हणजे तो कशाला तरी लागला हे कबूल करायचं. म्हणून कप्तानानं प्लग बदलला, पेट्रोलची नळी साफ केली, पंपवाल्याला पेट्रोलमध्ये पाणी घालतोस म्हणून चारचौघांत फैलावर घेतलं. मोटरीच्या प्रत्येक भागावर त्याचा संशय होता, फक्त पंखा तेवढा धुतल्या तांदळासारखा स्वच्छ.

शेवटी त्याला तत्त्वज्ञान सुचलं. पाण्यावर घाई करू नये, असं तो सांगू लागला. उतारूंना ते इतकं पटलं की एका निवृत्त मास्तरांनी त्याचा हात हातात घेऊन, अशी शिस्त आता कुठं राहिलीय, असं म्हटलं. कप्तान हवेतच गेला. वेगानं जाणाऱ्या नावाड्यांना तो धक्क्यावर उभा राहून उपदेश करायला लागला. दरम्यान माशाची लांबीही वाढत चालली होती.

बायकोनं एकदा जेवताना सुचवलं की मोटर तिच्या धाकट्या भावाला दाखवावी. भावाचं मोटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि तोंड दुकानापेक्षा मोठं होतं. त्याला दाखवण्यापेक्षा मी पोहत जाईन, असं म्हणून कप्तान पानावरून उठला.

मग वाऱ्याचा दिवस आला. बोट भरलेली, पुढं बायको, आणि पलीकडे कामाला निघालेला हा मेहुणा हत्यारांची पिशवी घेऊन बसलेला. निम्म्या वाटेवर वारा असा उठला की बोट आडवी होऊन धरणाच्या दगडी बांधाकडे सरकू लागली. तिथं लाटा फुटत होत्या. कप्तानानं वेग वाढवला. मोटर किंचाळली, बोट सरकतच राहिली. त्यानं आणखी वाढवला.

मेहुणा उठून मागं आला. "दाजी, पंखा कशाला लागला होता का?"

"छे."

मेहुण्यानं विश्वास ठेवला आणि झाकण उघडून पेट्रोलची नळी तपासत बसला. बांध जवळ येत होता. एका बाईनं चपला काढून ठेवल्या. नळीत काही सापडेना, तेव्हा त्यानं पुन्हा तेच विचारलं.

"मासा लागला होता," कप्तान म्हणाला. "केवढा?" म्हटल्यावर ह्या महाभागानं सुकाणू सोडून दोन्ही हातांनी लांबी दाखवली.

आता बांधाच्या दगडांवरचं शेवाळ दिसू लागलं होतं. कप्तानाच्या तोंडचं पाणी पळालं.

"खोड होतं," तो पुटपुटला. "बागेतलं."

मेहुण्यानं त्याला बाजूला सारलं आणि वेग एकदम खाली आणला. पंख्याच्या आत रबर असतं, ते दणक्यानं सुटलंय, जितका जोर द्याल तितकं ते आतल्या आत फिरणार आणि पंखा जागेवरच राहणार, असं त्यानं दात आवळून सांगितलं. वाऱ्याशी समोरासमोर भांडायचं सोडून त्यानं बोट तिरकी काढली आणि गोगलगायीच्या चालीनं काठाच्या एका खाचेत नेऊन टेकवली.

पंखा काढला, तेव्हा एक पातं मुडपलेलं होतं आणि आतल्या रबराचा चुरा झाला होता. पंखा ज्यावर बसतो तो दांडा हातानं फिरवून पाहिला, तो नशिबानं सरळ होता. दुसऱ्या दिवशी नवा पंखा बसला आणि मास्तरांनी, एवढ्या वाऱ्यात हळूहळू चालवून सगळ्यांना वाचवलंत, म्हणून कप्तानाचं कौतुक केलं. त्यानं ते निमूटपणे, पण पुरेपूर घेतलं.

बायको मात्र धक्क्याकडे न वळता बसथांब्याकडे निघाली. बस सगळ्या धरणाला वळसा घालून जायची. तो मागोमाग गेला. बोट आता ठणठणीत आहे, असं त्यानं सांगितलं.

"बोटीला मी कुठं काय म्हणतेय?" ती म्हणाली. "मी समोर बसले होते, तरी बांध अंगावर येईपर्यंत तुम्ही मासाच म्हणत होतात."

बस आली आणि ती चढली. तिला हल्ली पाणी सोसत नाही, असं कप्तान उतारूंना सांगतो.