मला एकच तारा देणाऱ्या बाई

सुरुवातीलाच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तीस वर्षं कंडक्टर होतो. माळशेजच्या रूटवर, मढच्या पुढे, पांढऱ्या साडीतली बाई गाडीला हात करते असं आमचे ड्रायव्हर शपथेवर सांगायचे. मी एवढंच विचारायचो, "तिकीट काढलं का तिनं?" विषय तिथंच संपायचा. पण यंदा जे झालं ते... तुम्हीच वाचा आणि ठरवा.

माझं गाव आणे, जुन्नर तालुक्याच्या पूर्वेचं पठार. मुलगी मनीषा जर्मनीतल्या एका खेड्यात असते, जावई तिथलेच. नातू लुकास सात वर्षांचा. आमच्या गावाने त्याचा लखू करून टाकला. पोराला मराठीचा एक शब्द येत नाही. (मनीषाने शिकवायला हवं होतं, पण तो आमचा वेगळा वाद.) मागच्या खेपेला पंधरा दिवस तो आईच्या मागे लपून होता. मी जवळ गेलो की रडायचा. निघताना सगळ्यांना टाटा केला, मला नाही. ते मला फार लागलं. यंदा दिवाळीला येणार म्हटल्यावर ठरवलं, आता आपणच जर्मन शिकायचं.

जूनमध्ये इंटरनेटवर फुकटचा कोर्स सापडला. कुणीही यावं, वयाची अट नाही, फी नाही. मास्तरही नाही! आपण बोललेलं रेकॉर्ड करून चढवायचं, आणि इतर विद्यार्थ्यांनी ऐकून पाचपैकी तारे द्यायचे. आपणही त्यांना द्यायचे. आता मला सांगा, मांडवात जेवून उठल्यावर यजमानाने भाजी कशी झाली विचारलं, तर अळणी म्हणायची आपली रीत आहे का? मी न ऐकताच सगळ्यांना पाच-पाच तारे दिले. तेही भले लोक, त्यांनी मला पाच दिले. महिनाभरात मी पहिल्या दहांत होतो आणि येत मात्र काही नव्हतं.

नेट फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर पकडतं. सकाळी तिथं उभा राहून मी जोरजोरात धडे म्हणायचो. तिसऱ्या दिवशी बायकोने, शालनने, गाठलं.

"आवो, टाकीवर चढून कुणाला शिव्या देताय? आख्खं गाव इचारतंय."

"जर्मन आहे ते."

"असंल. पर जरा हळू द्या."

जुलैत एका रेकॉर्डिंगला पहिल्यांदाच एक तारा पडला. एकच! खाली बाईमाणसाच्या आवाजातली सूचना, नाव नाही. मोबाइलने भाषांतर करून दाखवलं, "आदरणीय महोदय, मुखातील पदार्थ बाहेर काढून पुनश्च बोला."

मी तंबाखू थुंकली. आवाजावरून कळलं असेल, अशी समजूत घातली.

मग रोजच सुरू झालं. मी बोलायचो, बाई एक तारा द्यायच्या आणि झापायच्या. कोर्समधला शब्द खोडून भलताच सांगायच्या. मी चिडून शालनला म्हणालो, "पुस्तकात एक, ही बाई सांगते दुसरंच."

ती म्हणाली, "मग नका ऐकू. पर तुमाला तिच्याबिगर कुणी खरं बोललंय का?"

ते मात्र खरं होतं. ऐकत गेलो. एक वाक्य तर बाईंनी माझ्याकडून रोज एकदा असं अकरा वेळा म्हणवून घेतलं. 'ये रे बाळा, आज काय काय झालं ते सगळं सांग मला.' बाराव्या दिवशी सूचना आली नाही. नंतर कधीच आली नाही.

दसऱ्याच्या सुमारास शेवटची परीक्षा झाली. ती कॉम्प्युटर तपासतो. मी सपशेल नापास! बाईंनी शिकवलेलं एकूण एक उत्तर चूक. संतापून कोर्सवाल्यांना मेल केली, ही बाई कोण ते कळवा. उत्तर आलं, तुमच्या रेकॉर्डिंगना आजवर पाचापेक्षा कमी तारे कोणीही दिलेले नाहीत, आवाजी सूचनांची सोयच आमच्याकडे नाही. मी जाऊन बघितलं. सगळीकडे पाच. सूचना एकही नाही. म्हटलं, यांच्याच कॉम्प्युटरचा घोळ असणार.

दिवाळीला मंडळी आली. लखू गाडीतून उतरला तो थेट मनीषाच्या मागे. दुसरं काहीच सुचेना, म्हणून ते अकरा वेळा घोटलेलं वाक्य म्हणालो.

पोराने डोकं बाहेर काढलं, माझ्याकडे नीट बघितलं. आणि आला की राव! हात धरून ओट्यावर बसला आणि तासभर बोलत सुटला. विमान, उलटी, कोणीतरी फोडलेला ग्लास... मला चार आणे कळलं. मी मान हलवत राहिलो.

मनीषा मात्र दारातच थबकली होती. "आबा, हे कुणी शिकवलं तुम्हाला? असं फक्त आमच्या खेड्यात बोलतात."

"कोर्समध्ये एक बाई होत्या."

"आमच्या खालच्या मजल्यावर एक शेजारच्या आजी होत्या..." तिने लखूकडे बघितलं. "लखू शाळेतून आला की रोज हेच विचारायच्या. अगदी हेच. त्या फेब्रुवारीत गेल्या, आबा. तेव्हापासून हा घरी आल्यावर धड बोलत नव्हता."

मी जूनमध्ये कोर्स सुरू केला होता. गणित तुम्हीच करा, मी करून थकलो.

शेवटी मनीषाने लखूलाच विचारलं, यंदा आजोबांची भीती कशी नाही वाटली? तो करंजी खात होता. न थांबता काहीतरी म्हणाला. मनीषाने पदराने डोळे पुसत मला मराठीत सांगितलं, "म्हणतोय, भीती कशाला? खालच्या आजीने सांगितलं होतं, मी नसले की दुसरं कुणीतरी विचारेल तुला. मी बघते कोण मिळतंय ते."

लखू आता तिकडे शाळेतून घरी आला की रोज फोन लावतो, आणि मी विचारतो.