फळ्यावर मला घरकोंबडा लिहिणाऱ्यास

चाळकऱ्यांनो, मी कुठल्याच मोर्चाला येत नाही म्हणून सकाळी या फळ्यावर कुणीतरी ‘रघुनाथ घरकोंबडा’ असं लिहिलंय. ते मी पुसलेलं नाही. त्याच्याखालीच आजची हकिकत लिहितो.

मला मोर्चाचं नाही, गर्दीचं भय आहे. लहानपणी गावच्या जत्रेत चेंगरलो, तेव्हापासून. आईनं दृष्ट काढली, देवाला गाऱ्हाणं घातलं. दादरच्या होमिओपॅथीवाल्याच्या गोळ्याही मी चघळल्या. फरक काही नाही. शेवटी माझी बायको सुशीला मला गिरगावातल्या एका संमोहनवाल्याकडे घेऊन गेली. तो म्हणाला, "अंगठा मुठीत दाबा आणि माणसांच्या जागी भाताचं शेत बघा."

आज त्याची परीक्षा होती. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात सुशीलेचा हात धरून लालबागच्या नाक्यावर उभा राहिलो, अंगठा दाबला. खरं सांगतो, शेत दिसलं! छान डोलत होतं. तेवढ्यात घोषणा उठली आणि अख्खं शेत माझ्या अंगावर चालून आलं. हात सोडवून पळालो. मागून "अहो, थांबा!" एवढंच ऐकू आलं.

मघाशी रस्त्यानं डोळे चोळत जाणारा एकजण म्हणाला, नाक्यावर अश्रुधूर सोडलाय. सुशीला अजून आलेली नाही. चाळ रिकामी आहे, विचारू कुणाला? नाक्याच्या अलीकडून दोनदा परत आलो. पुढे पाय उचलत नाही. डाव्या मुठीत अंगठा अजून दाबलेलाच आहे.

तुमच्यापैकी जो पहिला परत येईल त्यानं जिन्यावर यावं, मी तिथंच बसलोय. घरकोंबडा म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा, पण माझा हात धरून मला नाक्यापर्यंत न्याल का?