सदाशिवला मी थांब म्हणालो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, आमच्या पाळकांनाही नाही. कुठून सुरू करावं, तेही कळत नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीत बुधवारी घरोघरी प्रार्थनासभा असते. ज्यांना प्रभूवरचा विश्वास मिळावा असं मनापासून वाटतं, त्यांची नावं तिथे घेतात. मी बरीच वर्षं एकच नाव घेत आलो — सदाशिव. गडमुडशिंगीचा. शेती आणि म्हशी सांभाळून आमच्याच फौंड्रीत मोल्डिंगला. मी तिथे अकाउंट्सला. त्याच्यासाठी मी रडून प्रार्थना केली आहे. ते खोटं नव्हतं — म्हणूनच पुढचं सांगणं जड जातं.

त्याची बायको दवाखान्यात होती तेव्हा मी तिच्या उशाशी बसून प्रार्थना केली. ती वाचली नाही. आता हा माझं तोंडही बघणार नाही, असं वाटलं. पण काही दिवसांनी तो घरी आला. मी एकटाच होतो. चहा पिता पिता, कपाकडे बघत म्हणाला, "तू पारूजवळ बसून बोललास, त्ये डोक्यातनं जाईना. आता धार काढताना मीबी बोलतोय तुझ्या देवासंगं. रविवारी येऊ का तुझ्याबरोबर?"

इतकी वर्षं जे मागितलं, ते माझ्या सोफ्यावर येऊन बसलं होतं. आणि मी काय केलं? हिशेब मांडला. सवयच ती. त्याचे भाऊ दारात येतील. बायको गेलेल्या माणसाला गाठून बाटवला, असं गल्ली म्हणेल. तक्रार होईल, पोलीस येतील. माझ्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. हिशेबात चूक नव्हती, असं अजूनही वाटतं.

मी प्रार्थनासभेतल्या आवाजात म्हणालो, "सदा, विश्वास ही देवाची देणगी असते. आपण जाऊन घ्यायची नसते. तू थांब."

"आन् आलीच आसंल तर?"

"मग कळंल की तुला."

तो हसला. "म्हंजे तुमच्यातबी साहेब बोलवंस्तवर भाईरच बसायचं व्हय." कप खाली ठेवून उठला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

मला भीती वाटते, एवढं तरी म्हणता आलं असतं. त्याने ते समजून घेतलं असतं, शिव्या देऊन का होईना. पण मी देवाला पुढे केलं. ज्या वाक्यावर मी स्वतः उभा आहे, त्याचीच दाराला कडी केली — आणि तो बाहेर राहिला.

इथेच थांबलो असतो तर — पण नाही. पुढच्या बुधवारी मंडळीने विचारलं, तेव्हा मी सांगितलं, अजून त्याचं मन वळलेलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या.

परवाची सभा आमच्याच घरी होती. त्याच सोफ्यावर बसून आमच्यातल्या एका म्हाताऱ्या मावशींनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "प्रभू, सदाशिवाचं कठीण मन मऊ कर."

सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो.