आधी भांडाराला विचारावे

ध्वनिवाचनालयाच्या कचेरीत तिला सगळे ‘आधीबघू’ म्हणत. कोणी काही बदलायला सांगितले, की तिच्या तोंडून पहिले शब्द हेच निघत. ध्वनिमुद्रित केलेली पुस्तके क्लाउडवरील एका भांडारात साठवलेली होती आणि त्या भांडाराची राखण तिच्याकडे होती. पुस्तक मागणारे पान कोणत्या संकेतस्थळाचे आहे, हे ब्राउझर भांडाराला कळवतो. त्या संकेतस्थळाचा पत्ता परवानगीच्या नियमात नसेल, तर पुस्तक पानाच्या हाती लागत नाही. त्या नियमाला हात लावण्यापूर्वी सध्याचा नियम भांडाराकडून मागवून नीट वाचायचा, हा तिचा शिरस्ता होता. कारण नवा नियम जुन्यात मिसळत नाही, जुन्याला पुसून त्याच्या जागी बसतो.

घरीही तिची हीच तऱ्हा. सासूबाईंनी मीठ घातल्याचे सांगितले, तरी ती चाखून पाही. सासूबाई म्हणत, यमाने हाक मारली तरी ही म्हणेल, आधी बघू.

अशा बाईने एकदा शिरस्ता मोडला. एका शाळेचे नवे संकेतस्थळ जोडायचे होते, सगळे पत्ते आपल्याला तोंडपाठ आहेत असा तिचा समज होता, आणि घरी निघण्याची वेळ झाली होती. तिने आठवणीवर विसंबून संपूर्ण नियम लिहिला, भांडाराकडे धाडला आणि निश्चिंत मनाने घर गाठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासऱ्यांचा फोन आला. त्यांची दृष्टी गेल्यापासून, वाचनालयाची पुस्तके आपल्या संकेतस्थळावर ऐकवणारे श्रोतेमंडळ हाच त्यांचा विरंगुळा होता. त्या संध्याकाळी मंडळात एका कादंबरीवर ते प्रथमच बोलणार होते आणि तिचे शेवटचे प्रकरण तेवढे ऐकायचे राहिले होते. मंडळाचे पान उघडत होते. प्रकरण मात्र मुके झाले होते. चुकीच्या जागी बोट लागत असेल, असे तिने सुचवून पाहिले.

“सूनबाई, माझे डोळे गेलेत, बोटं शाबूत आहेत,” सासरे म्हणाले. “शेवट न ऐकता बोलायला उभा राहिलो, तर लोक हसतील गं मला.”

तिने भांडाराकडून नियम मागवला. उत्तर आले. शाळेचा पत्ता होता, वाचनालयाचा स्वतःचा होता, श्रोतेमंडळाचा नव्हता. घरात रोज ज्याचा आवाज घुमे, नेमका त्याचाच पत्ता ती विसरली होती. काखेत कळसा म्हणतात तो असा. आणखी कोणी सुटले नाही ना, याची तिने साऱ्या संस्थांना फोन करून खात्री केली, मंडळाचा पत्ता घालून नियम पुन्हा धाडला आणि सासऱ्यांना कळवले. त्यांनी पुन्हा लावून पाहिले. प्रकरण मुकेच.

शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, “ताई, सगळ्याच पत्त्यांना मोकळीक द्या ना. पत्त्यांच्या जागी नुसतं ताऱ्याचं चिन्ह टाकलं, की कोणीही चालतं. मिटलं.”

“अगं, एक पाहुणा अडला म्हणून भिंत पाडायची का?” ती म्हणाली. परवानगी ठरलेल्या संस्थांपुरतीच ठेवू, असा शब्द वाचनालयाने लेखकांना दिलेला होता. तिने नियम पुन्हा मागवला आणि अक्षर न् अक्षर वाचला. या वेळी त्यात काहीही उणे नव्हते. म्हणजे भांडाराचे दार उघडे होते; अडथळा अलीकडे होता. तेव्हा तिच्या ध्यानात आले, की सकाळपासून सासऱ्यांनी ते प्रकरण अनेकदा मागितले होते आणि त्यांच्या ब्राउझरने परवानगीविना आलेले जुने उत्तर जपून ठेवले होते. तेच तो पुन्हा पुन्हा पुढे करत होता. तो साठा रिकामा करण्याच्या खटपटीत फोनवरून वेळ घालवण्यापेक्षा दुसरा फोन घेणे सोपे होते. घरात दुसरा फोन होता, पण तो सासूबाईंचा. त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

“तू सांग तिला,” सासरे हळूच म्हणाले.

सासूबाईंनी फोन दिला, पण एका अटीवर: प्रकरण त्याही ऐकणार. आधीची प्रकरणे ऐकली नसल्याने त्या मध्येमध्ये प्रश्न विचारत राहिल्या आणि सासऱ्यांना सबंध कथा उलगडून सांगावी लागली. तिला हे सारे कळले ते सासूबाईंच्या तक्रारीवरून, कारण त्यांच्या मते शेवट साफ चुकला होता.

संध्याकाळी ती मंडळाच्या दालनात पोचली, तेव्हा भाषण रंगात आले होते. सासरे नायिकेच्या त्यागाची थोरवी सांगत होते. पहिल्या रांगेतून सासूबाई म्हणाल्या, “त्याग कसला? घर सोडून गेली, बरं केलं तिनं.” दालनात हशा पिकला. मग कोणी सासऱ्यांची बाजू घेतली, कोणी सासूबाईंची. सासऱ्यांनी आवाजाच्या रोखाने मान वळवली आणि भर सभेत त्यांना म्हणाले, “मग पुढचं पुस्तक सुरुवातीपासून ऐक माझ्याबरोबर. मग भांडू.”

ती मागच्या खुर्चीवर निवांत बसली. सभा लांबणार, हे उघड होते.